खाऱ्या पाण्याचे शेजारी

गिऱ्हाईक दुकानात आले की पहिला प्रश्न किमतीचा विचारते. दुसरा असतो, "ह्यो किती दिस जगतो?" आमच्या कामातला खरा प्रश्न तिसरा, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. हा मासा कुणाबरोबर राहील?

बिदर शहराच्या नौबाद भागात माझे माशांचे दुकान आहे, मागे लागूनच घर. नव्वदनंतर घरोघरी रंगीत टीव्ही आला, टीव्हीसाठी भिंतीत शोकेस आली, आणि शोकेसच्या रिकाम्या कप्प्यात काय ठेवावे हे लोकांना कळेना, त्या दिवसांत हे दुकान सुरू झाले. तेव्हा गोड्या पाण्यातले सोनेरी मासे होते. लोक जोडी नेत, मुठीने दाणे घालत, आणि आठवडाभराने परत येऊन माझ्याकडे असे बघत की जणू मीच त्यांच्या घरात शिरून मासे मारले. पुढे इथली पोरे बेंगळूर, पुणे, दुबईला गेली. तिथल्या हॉटेलांत त्यांनी समुद्राच्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या, त्यातले झुलणारे प्रवाळ पाहिले, आणि सुट्टीत घरी आल्यावर "तसलं आपल्याकडं पायजे" म्हणू लागली. असा आमच्या दुकानात समुद्र आला. बिदरहून कोणत्याही बाजूने निघा, समुद्र लांबच. मी स्वतः तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुकानात खाऱ्या पाण्याचे मासे येऊन बरेच दिवस झाले होते. माझी बायको सुमन शेजारी उभी होती. पुष्कळ वेळ बघून ती म्हणाली, "झाकण कुठंय ह्याला?"

झाकण, पाणी आणि मीठ ही तिची खाती होती. खारे पाणी म्हणजे बादलीत घरचे मीठ टाकणे नव्हे. त्यासाठी वेगळे मीठ येते, समुद्रात असते ते सगळे त्यात असते. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात ते कालवायचे, छोटा पंप लावून दिवसभर ढवळत ठेवायचे, मग खारटपणा मोजायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत एक निळे पीप होते. त्यात असे पाणी कायम तयार असे आणि पंप मांजरासारखा घुरघुरत असे. घरात उद्याचे पीठ असावे तसे हे पाणी असावे, असे सुमनचे म्हणणे. ते पीप मी कधी कालवले नाही. माझ्याकडे निवड होती, म्हणजे कोणते मासे एकत्र ठेवायचे ते.

मी शिकलो प्राणिशास्त्र, गुलबर्ग्याला. काही वर्षे कॉलेजात तात्पुरता शिकवायलाही होतो. हैदराबादच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तके मिळतात, तिथून माशांवरची पुस्तके आणून वाचली. पण आमचे घराणे राजेश्वर गावचे, मेंढरांचे. वाडवडिलांनी मेंढरे राखली, मग शेती केली. शेती आता माझा भाऊ बघतो. पुस्तकात वाचलेले मला लवकर पटत गेले ते त्यातले निम्मे मी मेंढरांत पाहिलेले होते म्हणून.

लहान टाकी मोठीपेक्षा अवघड असते, हे नव्या माणसाला खरे वाटत नाही. त्याला वाटते, लहान आहे, आधी ह्यावर हात बसवू. पण मोठ्या पाण्यात दोघांचे पटले नाही तर एक जण दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन राहतो. तीन फुटांच्या टाकीत दुसरा कोपरा पहिल्याच्या दारातच असतो. तिथे प्रत्येक माशाबद्दल तीन गोष्टी बघाव्या लागतात. तो वाढून केवढा होणार. तो काय खातो, म्हणजे शेजाऱ्याला किंवा प्रवाळाला तर खात नाही ना. आणि तो टाकीत कोणत्या मजल्यावर राहतो. काही मासे वाळूवर बसतात, काही दगडाच्या भोकात, काही मधल्या पाण्यात तरंगतात. एका मजल्यावर एकाच अंगलटीचे दोन बिऱ्हाडकरू नकोत. दिसायला सुंदर अशा फुलपाखरी माशाला प्रवाळाची चव असते. पंखांचा पसारा असलेला सिंहमासा शांत दिसतो, कारण तो भुकेची वाट बघत असतो. ताटाएवढा होणारा निळा मासा बोटाएवढा असताना विकायला येतो आणि सगळ्यांना तोच हवा असतो.

शिवाय कोण आधी आत जाणार हेही महत्त्वाचे. सगळ्यात भित्र्याला पहिले सोडायचे. त्याने आपले भोक शोधले, जीव रमला, की मग पुढचा. सगळ्यात दांडगा शेवटी, म्हणजे तो येतो तेव्हा घर आधीच दुसऱ्यांचे असते.

आणि वाघर. वाघर म्हणजे मेंढरे कोंडायची दोरीची जाळी. बाजारातून नवा मेंढा आणला की वडील त्याला एकदम कळपात सोडत नसत. कळपाला लागूनच वाघर लावून त्याला त्यात ठेवत. आतला बाहेरच्यांना बघतो, बाहेरचे आतल्याला हुंगतात, ढुशा द्यायच्या त्या जाळीला देतात. जाळीजवळची गर्दी ओसरली की वडील वाघर उचलत. मी प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्याला तापलेल्या सुईने भोके पाडली आणि नवा मासा त्यात घालून डबा टाकीतच लटकवू लागलो. पुढे असले डबे विकतही मिळू लागले, पण आमच्या दुकानात त्याचे नाव वाघरच राहिले. हैदराबादचा एक व्यापारी एकदा फोनवर मला विचारत होता, "वो आपका वागर कहाँ मिलता भाई?"

गुलबर्ग्याच्या एका कापडवाल्याने ही वाघर आणि मी, दोघांनाही गुंडाळून ठेवले होते. त्याने परस्पर एक लहान निळा मासा आणला, डॅमसेल जातीचा. स्वस्त असतो, कशातही जगतो, रंग असा की नजर हटत नाही. महिनाभरात टाकीतले बाकी सगळे मासे एका कोपऱ्यात उभे. कापडवाल्याचा फोन आला, "सर, दोन बोटांचा हाय ओ, पण पोलीस पाटील होऊन बसलाय." मी आणि सुमन गेलो. दगडांच्या टाकीत जाळीने मासा धरता येत नाही, सगळा डोंगर उपसावा लागतो. सुमनने पाण्याची रिकामी बाटली कापली, तोंडाकडचा भाग उलटा करून आत खोचला, आत खाणे टाकले. बाटलीत शिरता येते, वळून बाहेर येणे सुचत नाही. पाटील चहा व्हायच्या आत अडकले. कापडवाला म्हणाला, "काकू, असलं एक मोठं करून द्या, आमच्या भागीदारासाठी." मासा आम्ही परत आणला आणि दुकानात त्याला एकट्याची टाकी दिली. तिथे तो काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत सुखाने राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

नौबादलाच आमच्या दुकानापासून जवळ सरसाबाई राहतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झाली. रस्त्याला लागून त्यांचे शेत होते. शहर वाढत आले तसे त्याचे प्लॉट पडले. मुलगा शिवराज बेंगळूरला संगणकाच्या कंपनीत. आईला तिकडे नेले तर ती महिनाभरात परत. "तिथं लिफ्टशिवाय कुणी बोलत न्हाई तम्मा. ती बी इंग्रजी," असे त्यांनी मला सांगितले होते.

एकदा शिवराज दिवाळीला आला आणि दुकानात येऊन म्हणाला, आईसाठी समुद्राची टाकी करायची. आई पण बरोबर होत्या. टाकी तीन फुटी, सोबत प्रवाळ. माशांची यादी त्याच्या डोक्यात तयार होती. निळा मोठा, पिवळा चपटा, दोन फुलपाखरी, आणि शेवटी जोकर मासे, ते तर हवेतच.

"एवढे कुठं ठेवणार रे?" सुमनने विचारले.

"काकू, लहान लहान असतात की."

"तू बी लहान होतास. आता दारातून वाकून आलास का न्हाई?"

अक्का हसल्या. सुमनने शिवराजला स्टुलावर बसवले. आमचा नियमच होता, खाऱ्या पाण्याच्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी काही विकायचे नाही. बसून बघायचे. शिवराजला घाई होती, तो फोनवर बोलायला बाहेर गेला. अक्का बसल्या. बसल्या त्या दुपार होईपर्यंत.

मी कागदावर नव्हे, टाक्यांपुढे फिरत निवड केली. वरच्या कोपऱ्यासाठी जोकरांची जोडी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. ती माणसाळते, हाताजवळ येऊन खाते. वाळूसाठी पिवळा गोबी मासा आणि त्याची कोळंबी. ह्या दोघांचा संसार सांगण्यासारखा आहे. कोळंबीला धड दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ खणते. गोबी दारात बसून पहारा करतो. कोळंबीची एक लांब मिशी कायम त्याच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघे आत. कोळंबी नांगी अशी वाजवते की काचेला तडा गेला असे वाटावे. आम्ही गोबीला राखण्या आणि तिला फटाकडी म्हणत असू.

"बास," मी म्हणालो. "एवढी पुरे."

सुमन म्हणाली, "मधला मजला रिकामा हाय की अवो."

तिने मागच्या टाकीकडे बोट केले. तिथे दगडाआड एक मासा होता, करंगळीएवढा. पुढचा अर्धा भाग दुधासारखा, मागचा शेपटीपर्यंत लाल होत गेलेला, पाठीवर एक उंच काडीसारखा पर. आम्ही त्याला मशाल म्हणायचो. स्वभावाने हा मासा इतका भित्रा की कुणी टाळी वाजवली तरी दिवसभर बाहेर येत नाही, आणि दचकून उडी मारतो म्हणून टाकीवर जाळीचे झाकण लागते. अशा टाकीत तो चालतो, कुणाला त्रास देत नाही. पण मी म्हणालो, "अक्काला दिसणार तरी आहे का तो?"

सुमन म्हणाली, "धीट मासा कुणालाबी दिसतो. अक्काला वाट बघायला कोनतरी नको का?"

आजवर मी मासा माशाशी जुळवत होतो. मासा माणसाशी जुळवायचा असतो हे तिने त्या दिवशी सहज सांगून टाकले आणि ती झाकणाचे माप घ्यायला गेली.

टाकी लागली, पाणी मुरले. आधी मशाल सोडली, मग राखण्या आणि फटाकडी, आणि शेवटी जोकर वाघरीत. अक्का रोज त्या वाघरीपुढे बसत. "दोघं आत, एकटी बाहेर. कोन कुणाला बगायलंय काय कळेना," म्हणत. वाघर उचलली त्या दिवशी जोकरांनी टाकीला एक फेरी मारली आणि मशालीच्या दगडापासून लांब, वरच्या कोपऱ्यात जाऊन राहिले. सुमनने माझ्याकडे बघून मान हलवली. आमच्या कामात यश म्हणजे एवढेच. काही न होणे.

त्यानंतर सुमन आणि अक्कांचे जमले. आमच्याकडे वेळ अमावस्या मोठी. थंडीत येणाऱ्या ह्या अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी बिदर, गुलबर्गा, उदगीर सगळीकडे गावे ओस पडतात, कारण जो तो शेतात जातो. शेत नसलेल्याला शेतवाला घेऊन जातो. डोक्यावर आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, टोपलीत पिठाचे उकडलेले उंडे, खीर, आणि पालेभाज्या-शेंगदाण्यांची गच्च भज्जी. ज्वारीच्या पिठाची, ताक आणि लसूण घातलेली आंबील आधी पिकावर शिंपडायची, मग माणसांनी प्यायची. अक्कांचे शेत गेल्यापासून त्या येळवशीला घरात कडी लावून बसत. सुमनने त्यांना आमच्याबरोबर राजेश्वरला न्यायला सुरुवात केली. अक्का माझ्या भावाच्या ज्वारीत आंबील अशी शिंपडत की भावाची बायको म्हणायची, "अक्का, थोडी प्यायला ठेवा."

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर सुमन गेली. त्याबद्दल इथे लिहायचे नाही.

दुकान मी उघडले नाही. मासे हळूहळू दुसऱ्या दुकानदारांना दिले. मागच्या खोलीतले पीप मात्र तसेच राहिले. तिने कालवलेले शेवटचे पाणी त्यात काठोकाठ होते. पंप चालू होता. मी रोज आत जाऊन झाकण उचलून बघत असे, उडालेल्या पाण्याइतके साधे पाणी खुणेपर्यंत घालत असे, आणि परत येत असे. पाणी चांगले होते. ते वापरायला कारण नव्हते, आणि ओतून द्यायला हात होत नव्हता. पंप बंद केला तर घर किती शांत होईल ह्याची मला कल्पना होती.

येळवस आली. घरात वर्षभर सण करायचा नव्हता, मी भावाला येत नाही म्हणून कळवले. सकाळपासून गल्लीतली माणसे टोपल्या घेऊन गेली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला. मी पुस्तक उघडून बसलो होतो. तेवढ्यात अक्कांचा फोन आला.

"तम्मा, हायस का घरी? मासे कसंबी करायलेत रे. पाणी पांढरं व्हायलंय."

मी गेलो. टाकीत ताक घुसळावे तसे पाणी. प्रवाळ मिटलेले. दोन्ही जोकर पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. खोलीत लसणाचा वास होता.

"अक्का, काय टाकलं ह्यात?"

त्या दाराला धरून उभ्या होत्या. नवे लुगडे, कपाळावर घाम. "आंबील."

"किती?"

"चार कोपऱ्याला चार पळ्या. मधी येक. शेताला टाकतो तसं." मग आवाज चढवून म्हणाल्या, "मंग काय करू? सुमन न्हाई, शेत न्हाई. घरात हिरवं म्हनून हेवढंच हाय की. ह्याच्यात टाकू न्हाई तर कुठं टाकू, फरशीवर?"

 रागवायला वेळ नव्हता. पीठ आणि ताक पाण्यात कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो. दगडातले जीव आधी जातात, मग मासे. उपाय एकच, घाण पाणी काढून त्याच खारटपणाचे चांगले पाणी घालणे. भरपूर, आणि लगेच. नवे पाणी कालवायला एक दिवस लागतो. तयार पाणी अख्ख्या जिल्ह्यात एकाच पिपात होते.

मला वाटते मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो असेन. अक्कांनी ओळखले. पिपाबद्दल त्यांना माहीत होते, मीच एकदा बोललो होतो.

"तम्मा," त्या हळू म्हणाल्या, "न्हाई तर राहू दे रे. मासेच हायेत."

तेव्हा दगडाच्या फटीत लाल शेपटीचे टोक हलले. मशाल. धीटांना तोंड वर काढायचे सुचले होते, ती मात्र भीतीने आत आत चालली होती, जिथे हवा सर्वांत कमी.

"बादली आणा," मी म्हणालो.

अक्का आतून तांब्याची घागर घेऊन आल्या, पूजेची, चिंचेने लखलखीत घासलेली. मी ओरडलोच. तांबे ह्या जिवांना विष. "बग बाई, देवाला चालतं आन् ह्यांना चालत न्हाई," म्हणत त्यांनी प्लॅस्टिकची बादली आणली. जोकर धीट, पेल्यात सहज आले. राखण्या आणि फटाकडी बिळात होते. त्यांच्यासाठी दगड हलवले असते तर डोंगर त्यांच्यावर कोसळला असता. मशाल फटीत. ती तिघे आतच राहणार होती. जे पाणी येईल ते त्यांच्यावरच ओतायचे होते.

अक्कांना नळी धरून तळाचे पांढरे ओढत राहायला सांगितले आणि मी दुकानाकडे निघालो. येळवशीला रिक्षा मिळत नाही, हाक मारायला माणूस नसतो. स्कूटरवर पायांमध्ये कॅन ठेवून मी फेऱ्या घातल्या. नौबादचा रस्ता त्या दिवशी इतका मोकळा होता की मला माझीच स्कूटर दोनदा ऐकू येत होती. पहिला कॅन पिपात बुडवताना पाणी बुडबुडत आत शिरले आणि पिपाच्या आतल्या भिंतीवर मिठाची पांढरी रेघ उघडी पडली. पुढच्या फेरीला मी रेघेकडे बघितले नाही. पाणी पंपाच्या खाली उतरले तेव्हा तो घरघरला. मी खटका बंद केला आणि कॅन उचलला.

पाणी थंड होते. थंडीचे दिवस, एकदम ओतले तर वाचायचे तेही मरणार. मी कॅन उन्हात ठेवू लागलो तर अक्का म्हणाल्या, "सूर्याच्या भरवशावर बसतोस व्हय?" त्यांनी स्टीलच्या कडीच्या डब्यात उकळते पाणी भरले, झाकण घट्ट लावले आणि तो डबा बादलीतल्या खाऱ्या पाण्यात तरंगत सोडला. पाणी हातासारखे कोमट होईपर्यंत डबा फिरवायचा, मग पुढची बादली. आम्ही दोघे तसेच करत राहिलो. घाण काढायची, चांगले घालायचे. अक्कांच्या नव्या लुगड्याला ओल आली, गुडघे दुखू लागले तशा त्या पाटावर बसल्या, पण नळी सोडली नाही. मधेच म्हणाल्या, "शेतात पाणी देतानाबी असंच व्हायचं. पाठ मोडायची."

दुपार कलली तेव्हा टाकीच्या मागची भिंत दिसू लागली. दुकानातून आणलेला हवेचा पंप बुडबुडे सोडत होता. एक प्रवाळ बोटभर उघडला. मग वाळूतून "टक्" असा आवाज आला.

"फटाकडी!" अक्का म्हणाल्या.

बिळाच्या दारात राखण्याचे पिवळे तोंड दिसले. त्याच्यामागे मिशी. दोघे होते.

जोकरांना मी परत सोडले, पण वाघरीत. अक्कांनी विचारले, "त्यांचंच घर की रे, कामून कोंडायलास?" मी म्हणालो, मशाल आत घाबरलेली आहे, अजून दिसलेली नाही. हे दोघे भेदरून आत सुटले आणि तिच्या फटीत घुसले तर ती बाहेर उडी मारेल. आधी तिला कळू दे.

आता करण्यासारखे काही उरले नव्हते. टाकीतले जवळजवळ सगळे पाणी नवे होते. नवे म्हणजे सुमनचे. पीप रिकामे होते. मशाल जिवंत असेल तर बाहेर येईल, नसेल तर उद्या दगडामागे मिळेल. आम्ही दोघे टाकीपुढे बसलो. अक्का पाटावर, मी भिंतीला टेकून. फटीत काही हलत नव्हते.

"सुमनची निवड व्हती ही, न्हवं?" अक्का म्हणाल्या.

"हो."

"म्हनायची, अक्का, घाई करू नका, तुम्ही बघायलाव म्हनून ती येईना." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तू बी नको टक लावून बगू. दुसरीकडं बग."

मी दुसरीकडे बघितले. खिडकीतून ऊन तिरपे होऊन टाकीच्या वरच्या कोपऱ्यावर आले होते. लांब शेताकडून परतणाऱ्या बैलगाडीचे घुंगरू ऐकू येत होते. माणसे यायला लागली होती. मी माझ्या हातांवरचे मीठ बघत होतो. ते वाळून पांढरे झाले होते आणि मला ते धुवायचे नव्हते.

अक्कांनी माझ्या दंडाला बोट लावले. 

दगडाच्या टोकावर आधी ती काडी आली. मग दुधासारखे डोके. मग ती पूर्ण बाहेर आली आणि मधल्या मजल्यावर, वाघरीतल्या जोकरांच्या समोर, तरंगत उभी राहिली. शेपटी लाल होती. कल्ले संथ हलत होते. पाण्यात उभा राहणारा मासा बरा असतो. मी इतकी वर्षे गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, आणि तरी मला खात्री पटायला अक्कांकडे बघावे लागले.

"आली बग भित्री," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसले. मग माझ्याकडे वळून, "तू कामून रडायलास? जगली की."

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्या गुडघ्यावर हात देत उठल्या. आतून दोन पेले आणले आणि बिंदगीतली उरलेली आंबील त्यात ओतली. मी म्हणालो, आमचा यंदा सण नाही. "सण कुठं द्यायलेय," त्या म्हणाल्या. "दिसभर पानी वाहिलंस. मासे पिऊन बसले, तूच तेवढा उपाशी." मी पेला घेतला. घोट घेतला. गार, आंबट, लसणाचा चरका लागणारी.

"मीठ कमी पडलं अक्का."

"व्हय? मंग तुझ्या पिपातलं घाल की थोडं."

"ते संपलं," मी म्हणालो.

दसऱ्यापासून हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता. अक्कांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितले.

"मंग उद्या नवं कर."

केले.